कच्च्या रंगाची राखण

गाडीला हात लावायच्या आधी ताईने घड्याळ काढलं, अंगठी काढली आणि कमरेच्या पट्ट्याचं बक्कल झाकेल असा जाड सुती ॲप्रन बांधला. बावीस वर्षं ती बंद ट्रेलरमधून लोकांच्या गाड्या पोचवत होती, आणि तिच्या हातून एकाही गाडीवर कधी ओरखडा उठला नव्हता. धाकटा भाऊ थट्टेने म्हणायचा, "हिच्या ट्रेलरमध्ये अंडी ठेवा, पिल्लं होऊन उतरतील."

पण आजची गाडी पाहून तिलाही क्षणभर श्वास घ्यायचं सुचलं नाही.

रंगारीकाकांचं वर्कशॉप दोन खणांचं. धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी शिंपडलेलं, छपरातल्या काचेतून सकाळचं ऊन आत आलेलं. त्या उन्हात ती जुनी गाडी उभी होती. रंग गर्द हिरवा. सावलीत काळा वाटावा आणि उजेडात तळ दिसत नाही अशा पाण्यासारखा खोल. त्यात डोकावलं तर हात आत जाईल असं वाटत होतं.

"अकरा दिवस नुसता रंग मिसळत होतो," काका म्हणाले. वय चौऱ्याहत्तर. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसेनासं झालं होतं, उजवाही त्याच वाटेवर होता. "नजरेने मिसळला. कुठे लिहून ठेवलेला नाही, उरलेलाही नाही. ओरखडा उठला तर हा रंग जगात कुणाकडे नाही, आता माझ्याकडेसुद्धा नाही. आणि ही माझी शेवटची."

"वरून काही पांघरत नाही, काका," ताई म्हणाली.

"मुळीच नको. आठवडा नाही झाला अजून, कच्चा आहे. कापड टाकलंस तर हलून हलून घासेल. प्लास्टिक टाकलंस तर आत घाम धरेल."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे म्हणूनच तुला बोलावलं. नाहीतर ट्रेलरवाले काय, पैशाला पासरी."

तिने गाडी विंचच्या तारेने इंचाइंचाने ट्रेलरमध्ये ओढून घेतली. पट्टे फक्त चाकांवरून घेतले, अंगाला कुठे स्पर्श नाही. चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे लावले. आरसे मिटले. ट्रेलरच्या छपरातले झरोके हवा खेळेल इतपत उघडे ठेवले. भिंतीवर कडीत अडकवलेला लोखंडी जॅक दोनदा ओढून पाहिला. मग मागचं दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली दोरीने गळ्यात अडकवली. त्या कुलपाला दुसरी किल्ली नव्हती.

पन्नास किलोमीटरवर ती नेहमीसारखी थांबली. पट्टे सुरुवातीला जरा सैल पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात. आत शिरून तिने पहिला पट्टा दाबून पाहिला. घट्ट. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे घट्ट. आणि नुसते घट्ट नव्हे, चारही सारख्याच ताणाचे. पट्ट्यांची उरलेली टोकं ती नेहमी साधी गाठ मारून सोडते. आज ती टोकं गोल गुंडाळून चाकाच्या आतल्या बाजूला खोचलेली होती. वाऱ्याने उडून रंगाला लागायचा प्रश्नच उरला नव्हता.

'मीच केलं असेल,' ताईने मनाशी म्हटलं. 'काकांच्या बोलण्याने आज हात जरा जास्तच जपून चालला.' पण उतरताना तिच्या मनात आलं की ही पद्धत आपल्यापेक्षा चांगली आहे. बावीस वर्षांत आपल्याला कशी सुचली नाही?

पुढे तासाभराने एक बस इंडिकेटर न देता समोर घुसली. ताईने जीव खाऊन ब्रेक दाबला. मागे काहीतरी तुटल्याचा आवाज आला, 'कट्'. त्यानंतर जे आदळायला हवं होतं ते आदळलं नाही.

कडेला थांबून तिने दार उघडलं. भिंतीवरची कडी तुटली होती. नऊ किलोचा जॅक सुटला होता, आणि त्याच्या वाटेत गाडीचं दार होतं, दुसरं काहीच नाही. दारावर मात्र साधा डागही नव्हता. जॅक खाली, चाकाजवळ, आडवा ठेवलेला होता. पडलेला नाही, ठेवलेला. आणि तो पांढऱ्या मऊ फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेला होता, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसा.

ताई बराच वेळ उकिडवी बसून ते पाहत राहिली. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त कौतुक वाटत होतं. कोपरे किती नेमके दुमडले होते! धातूचा एक कणही उघडा नव्हता.

तिने काकांना फोन लावला. "तुम्ही आत फ्लॅनेल ठेवलं होतं का?"

"माझ्याकडे कुठलं आलंय फ्लॅनेल? जुन्या बनियनची फडकी वापरतो मी. का गं?"

तिने सगळं सांगितलं. आपल्याला खुळी ठरवणार, असं तिला वाटलं.

"घडी कशी आहे?" काकांनी विचारलं.

"चौपदरी. शिवण आतल्या बाजूला."

"आतल्या बाजूला," काका हळूच म्हणाले. "बरोबर. रंगाला शिवण लागता कामा नये." मग थोडं थांबून, "कोण आहे मला माहीत नाही, ताई. पण त्याला कळतं. आता सारखं दार उघडू नकोस, धूळ जाते."

आणि त्यांनी फोन ठेवला. ताईने जॅक तसाच गुंडाळलेला दाराजवळच्या कोपऱ्यात बांधून टाकला.

दुपारी रस्ता खोदलेला लागला. आठ किलोमीटर कच्च्या वाटेने जावं लागलं. समोरच्या ट्रकने उडवलेल्या धुळीत ट्रेलर दिसेनासा झाला. झरोके उघडे राहिल्याचं ताईच्या लक्षात आलं तेव्हा निम्मी वाट संपली होती. कच्च्या रंगावर धूळ बसली की ती पुसायचीही सोय नसते. प्रत्येक कण काचेसारखा ओढला जातो.

डांबरी रस्ता लागताच तिने दार उघडलं.

फरशीवर धुळीचा पिठासारखा थर होता. भिंतींवर होता, ठोकळ्यांवर होता, गुंडाळलेल्या जॅकवर होता. गाडीवर नव्हता. बॉनेटमध्ये छपरातल्या झरोक्याचा चौकोन आरशात दिसावा इतका स्वच्छ दिसत होता. गाडीभोवती वीतभर रुंदीची जागाही कोरी होती, अगदी रांगोळीची रेघ ओढावी तशी सरळ.

त्या थरावर कुणाचंही पाऊल उमटलेलं नव्हतं.

ताई आत गेली नाही. तिने दार लावलं, कुलूप घातलं, आणि बाजूला येऊन ट्रेलरच्या भिंतीला कान लावला. रस्त्यावर त्या वेळी एकही गाडी नव्हती.

आत आवाज येत होता.

मऊ. लांबट. एकाच दिशेने. कापड फिरतं, उचललं जातं, पुन्हा पहिल्या जागेपासून फिरतं. गोल गोल नाही, घाईने नाही. शिकलेला हात होता तो. असा हात तिने काकांचाच पाहिला होता, आणि त्यांनाही इतका सारखा दाब कधी जमला नव्हता.

तिने श्वास रोखला.

आवाज थांबला.

"चालू द्या," ताई कुजबुजली. "छान करताय."

मग तोच आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा सावकाश, कौतुक ऐकून माणूस जरा जास्त मन लावतो तसा.

आणि ताईच्या तोंडून, तिच्याही नकळत, निघून गेलं, "मला तर कुणी इतकं जपलं नाही कधी."

आवाज थांबला. या वेळी तो पुन्हा सुरू झाला नाही.

चारच्या सुमारास ती गाडीच्या मालकिणीच्या दारात पोचली. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. गाडी त्यांच्या वडिलांची. दिमतीला दीर होते, हातात टॉर्च घेऊन. गाडी उतरवल्यावर दिरांनी अर्धा तास खोट शोधली. गुडघ्यावर बसून शोधली, वाकून शोधली, चष्मा बदलून शोधली. शेवटी टॉर्च विझवून म्हणाले, "ट्रेलरमधून आणलीत की कापसातून?"

गाडीला हात न लावता बाई तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि डोळे पुसत ताईला म्हणाल्या, "बाबा होते तेव्हासुद्धा ती इतकी सुंदर नव्हती हो."

ताईने काकांना फोन करून ते शब्द जसेच्या तसे सांगितले. पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. "बस," ते म्हणाले. "आता दिसलं नाही तरी चालेल."

जॅकवरचं फ्लॅनेल तिने सोडवून, झटकून, घडी घालून त्या हिरव्या गाडीच्याच मागच्या सीटवर ठेवलं होतं. जिची राखण तिच्याजवळ असू दे, असा तिचा हिशेब. दार लावताना तिने नकळत हातही जोडले.

मग रिकामा ट्रेलर घेऊन ती परत निघाली. मागे काही नसलं की गाडी हलकी चालते. ऊन तिरपं झालं होतं, काच खाली होती, आणि किती तरी दिवसांनी तिला गुणगुणावंसं वाटत होतं. पहिल्या वळणावर तिला आठवलं, निघायच्या नादात सीटबेल्ट लावायचाच राहिला. तिने डावा हात स्टिअरिंगवर ठेवून उजवा खांद्याकडे नेला.

बोटांना मऊ कापड लागलं. मानेपाशी, जिथे पट्टा घासतो नेमकं तिथे, चौपदरी घडी सरकवलेली होती. तिच्यावरून पट्टा छातीवर आडवा आलेला होता, खाली अडकवलेला, दोन बोटं जातील इतकाच सैल.