सीलबंद क्वार्टर

इस्पितळातून फोन आला तेव्हा इन्स्पेक्टर बाईंनी नुकताच डबा उघडला होता. एका रंगाऱ्याची नजर गेली होती. त्याच्यासोबत प्यायलेला गवंडी दगावला होता. दोघांनी एकाच दारूच्या दुकानातून सगळ्यांत स्वस्त क्वार्टर घेतल्या होत्या. डबा तसाच टाकून बाई हवालदाराला घेऊन निघाल्या.

दुकानाच्या पायरीवरच कोणीतरी ओकलं होतं. गिऱ्हाइकं त्यावरून ढांग टाकून आत शिरत होती. फरशी इतकी चिकट, की प्रत्येक पावलाला बूट ओढून काढावा लागे. जाळीतून नोटा आत जात, बाटल्या बाहेर येत. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. बाईंनी विक्री थांबवली.

जाळीमागे मालक घामाघूम झाला होता. शेजारी त्याचा मेहुणा.

"माल कुठून येतो?"

"कंपनीच्या गोदामातून, मॅडम. सगळा सीलबंद."

"बाटल्या कोण लावतं?"

"कधी मी, कधी हा. आम्ही दोघंच."

"गोदामातच भेसळ झाली असणार," मेहुणा म्हणाला. "नुसत्या बाटलीवरून आम्हाला काय कळणार?"

बाईंनी फळीवरची एक आणि खालच्या क्रेटमधली एक क्वार्टर उजेडात धरली. लेबल तेच, बूच तेच, रंगही तोच.

"मी पिऊन दाखवतो!" मालकाने तावातावाने क्रेटमधली एक उचलून बूच पिळलं.

मेहुण्याने झडप घातली. "भाऊजी, ती नको. ही घ्या." त्याने फळीवरची पुढे केली.

बाईंनी मालकाचा हात धरला.

"तुम्ही यात नाही. विष कुठल्या क्रेटमध्ये आहे ते ठाऊक असतं, तर तुम्ही त्यालाच हात घातला नसता." मग त्या मेहुण्याकडे वळल्या. "बाटलीवरून कळत नाही म्हणालात ना? मलाही फरक दिसला नाही. मग भाऊजींना कुठली द्यायची ते कशावरून ठरवलंत? गोदामाचा दोष असता, तर फळीवरचीही तुम्ही दिली नसती. क्रेट तुम्हीच भरलाय."

हवालदाराला पोटमाळ्यावर कारखान्यातल्या स्पिरिटचे कॅन आणि पिशवीभर कोरी बुचं सापडली.

मेहुण्याने खांदे उडवले. "इथे येतात ती माणसं कोण, मॅडम? तशीही गटारातच मरायची."

मालकाने त्याच्या थोबाडीत दिली. बाईंनी जरा उशिरानेच अडवलं.

मग त्या बाहेर, बाटल्या घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडे धावल्या. "इथली क्वार्टर कोणी पिऊ नका! विष आहे त्यात. बाटल्या खाली ठेवा!"

कोणी हललं नाही. एकाने आपली बाटली हळूच सदऱ्याआड सरकवली.

"बदलून देणार का?"

बाईंनी सरळ त्याच्या सदऱ्यात हात घालून बाटली हिसकावली. मग पुढच्याची.