चोपड्याच्या अर्जावरची दुसरी सही

"शेतात जेसीबी घुसलाय. माझा घोव, यशवंत, त्याच्यासमोर बसलाय. तुम्ही काय करून ठेवलंत?"

गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या नियोजन कार्यालयात शिरताच पद्मावतीने उभ्या उभ्या विचारलं. चोपडे गावची शेतकरीण, पायांना चिखल तसाच. सोबत तिचा भाऊ प्रशांत, डिचोलीत जमिनीची कागदपत्रं करून देणारा. तो बातमी कळताच धावत आला होता. समोर गौरवी, खात्याची तरुण अधिकारी.

गौरवीने संगणकावर प्रकरण उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पद्मावतीचा नवरा यशवंत याच्या भातशेतीचं वसाहतीच्या जमिनीत रूपांतर मंजूर झालं होतं. शेजारच्या बिल्डरला त्यातून रस्ता काढायला संमतीही दिलेली.

पूर्वी अशी फाइल सात टेबलांवरून दोन वर्षं फिरायची. लोक शिव्या घालायचे. म्हणून सोपी पद्धत आली. अर्ज संगणकावर, सूचना संगणकावर, तीस दिवसांत हरकत नाही तर मंजूर. सोपं कुणाला, ते कुणी विचारलं नाही. बांधावर जाऊन "बाबा, ही सही तुझीच ना?" एवढं विचारणारा माणूसच त्यात कापून टाकला होता. आणि गौरवीनेच भर बैठकीत या पद्धतीचे गोडवे गायले होते. तिला स्वतःचाच संताप आला.

अर्जावर दोन सह्या होत्या. "एक यशवंतची. दुसरी बायकोची, तारा म्हणून," ती म्हणाली.

प्रशांत उसळला. हिचं नाव पद्मावती, आधारवर पद्मावती, मतदार यादीत पद्मावती. चोरांना नावसुद्धा धड ठाऊक नाही. मोप्याला विमानतळ झाल्यापासून हे बाहेरचे लोक सगळं पेडणं गिळायला निघालेत, असं तो टेबलावर हात आपटून बोलत राहिला. पद्मावती मात्र वाकून संगणकावरचं ते नाव वाचत होती.

गौरवीने तिला खुर्ची दिली.

"मावशी, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

पद्मावती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"तारा. लग्नात तांदळात लिहून बदललं."

"सासरी कुणाला ठाऊक आहे?"

"तीस वर्षं झाली. घोवाला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे."

"आणि माहेरी?"

"माहेरी आता कोण उरलंय? हाच एक."

गौरवी प्रशांतकडे वळली. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही तो चढला.

"प्रशांतबाब, मलाही आधी कोणी बाहेरचाच वाटला. पण आमच्या अर्जात बायकोची सही मागतच नाहीत. बाहेरचा माणूस एकच खोटी सही करून मोकळा झाला असता. जमिनीच्या कागदावर नवरा-बायको दोघांची सही हवी, ही आम्हा गोंयकारांची रीत. बायको अर्ध्याची मालकीण. तुम्ही रोज हेच कागद करता, हात सवयीने गेला. उताऱ्यावर नाव एकट्या यशवंतचं, म्हणून बहिणीचं नाव मनातून घातलंत. लहानपणापासून घरात ऐकलेलं."

"हा नुसता अंदाज आहे तुमचा."

"होता. पण तारा म्हटल्यावर सख्खा भाऊ काय म्हणेल? हे तर हिचं माहेरचं नाव. तुम्ही मात्र चोरांना नाव ठाऊक नाही म्हणून ओरडलात."

प्रशांतचा चेहरा उतरला. बिल्डरने सगळ्या प्रकल्पाचं कागदपत्रांचं काम मला द्यायचं कबूल केलं होतं, रस्त्यापुरतीच पट्टी जाणार होती, आक्केला नंतर समजावणार होतो, असं काहीबाही तो पुटपुटला.

खोटी सही कुणी केली त्याच्या नावानिशी तक्रार दिली तर मंजुरी आत्ताच थांबवता येईल, असं गौरवीने पद्मावतीला सांगितलं. नाही तर सुनावणी, महिनाभर. तोवर शेत मातीने भरून जाईल.

"आक्के, घरातली गोष्ट घरातच मिटवूया," प्रशांत म्हणाला.

पद्मावती उठली.

"माझा माणूस तिथं यंत्राखाली जायला बसलाय, आणि तुला आता घर आठवलं?" मग ती गौरवीला म्हणाली, "लिही बाय, सही करणाऱ्याचं नाव प्रशांत. पुढे आमच्या बापाचं नावही घाल. पोलिसांनी भलत्याच प्रशांतला धरायला नको."