शिंग की शेंग?

डबा उघडला आणि माझं डोकंच फिरलं.

शेवग्याच्या शेंगांची भाजी मागितली होती मी. आणि डब्यात काय, तर शेंगदाणे! लाल रश्श्यात बुडालेले, टम्म फुगलेले, निर्लज्जपणे माझ्याकडे बघणारे. माझं आणि शेंगदाण्यांचं जन्माचं वाकडं. शाळेत खाऊ म्हणून चिकी मिळायची, नेहमी खवट, आणि ती संपेपर्यंत बाई वर्गात उभं करून ठेवायच्या. तेव्हापासून दाण्याचा नुसता वास आला तरी मला मळमळतं. पण हे कुणाला सांगायची सोय नाही. कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट, उपासाच्या खिचडीत तर मूठमूठ! "अगं, कळतसुद्धा नाही कूट घातलेला," असं म्हणणाऱ्या बायकांना मला एकदा विचारायचंय... कळत नाही, तर घालता कशाला?

मी हिरकणी. तलासरीला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. नरपडहून रोज स्कूटीने येते. घरी सकाळी सगळे चिकूच्या वाडीत, म्हणून हायवेजवळच्या एका खाणावळीचा डबा लावला होता. आणि पहिल्याच दिवशी हा प्रकार.

"ताई, दाणे बाजूला काढून खा ना," दुकानातली रूपी म्हणाली.

"का म्हणून?" मी डबा उचलला आणि भर उन्हात तरातरा खाणावळीत गेले.

एक उंच, सावळा तरुण ट्रक ड्रायव्हरांना वाढत होता. मी डबा त्याच्यासमोर आपटला. "मी शेंगेची भाजी सांगितली होती!"

त्याने डब्यात डोकावलं. "शिंगचीच आहे की."

"हे दाणे आहेत."

"हो. शिंग."

"शिंग गाईला असतं! ही शेंग... शेवग्याची. लांब. हिरवी."

"अच्छा... सरगवो!" तो हसला. उजव्या गालावर खळी पडली – ती मी उगाचच पाहिली. "आमच्या घरी गुजराती बोलतात. दाण्याला शिंग म्हणतो आम्ही. फोनवर तुम्ही शेंग म्हणालात, मी शिंग ऐकलं. चूक माझी. बसा, दुसरं काहीतरी गरम वाढतो."

इतक्या पटकन चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मला त्याचाही राग आला.

वाढता वाढता त्याने विचारलं, "दाणे आवडत नाहीत, की खवट दाणे आवडत नाहीत?"

मी घास हातातच धरून त्याच्याकडे पाहिलं. आजवर लोकांनी मला फक्त "खाऊन तर बघ" म्हटलं होतं. हे कुणी विचारलंच नव्हतं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. आजोबांची शिंग भाजायची भट्टी होती, म्हणून सहज विचारलं," तो म्हणाला. "जबरदस्ती नाही हं."

त्याचं नाव जतीन. खाणावळ तो आणि त्याची आई चालवायचे.

दुसऱ्या दिवसापासून डब्याबरोबर एक छोटी वाटी यायला लागली. आधी आंबटगोड गुजराती डाळ आली, शिजवलेले दाणे घातलेली. मी डाळ खाल्ली आणि दाणे वाटीच्या काठावर ओळीने मांडून परत पाठवले. संध्याकाळी तो दुकानासमोरून जाताना ओरडला, "रांग सरळ होती!"

काय हा आगाऊपणा! पण स्कूटीवर घरी जाताना मी एकटीच हसत होते.

मग रूपीने तिच्या पाड्यावरून नाचणीची भाकरी आणली, सोबत पाट्यावर वाटलेली चटणी. लाल मिरची, लसूण... आणि मी दोन भाकऱ्या संपवल्यावर ती म्हणाली, "ताई, दाण्याचीच होती ती."

"तुलाही त्यानेच शिकवलं का गं?"

"मला कशाला शिकवेल? आमच्यात अशीच करतात," रूपी फणकारली. तिचंही बरोबरच होतं. पण जीभ चटणीसाठी वळवळत होती, त्याचं काय करायचं?

त्यानंतर एका तेलुगू ड्रायव्हरने जतीनला शिकवलेली पांढरी चटणी आली, वर कढीपत्त्याची फोडणी. ती मी बोटाने पुसून खाल्ली. आणि एकदा खाणावळीत बसले असताना त्याने स्वतः ताट आणलं. उकडलेली कच्ची केळी, वर गुलाबीसर दाट रस्सा.

"युगांडाला माझी मामी आहे. तिच्याकडे असं करतात."

"आणि यात..."

"हो. शिंगच आहे. आधीच सांगतोय. नको असेल तर वरण आहे."

मी खाल्लं. मऊ, खमंग, किंचित गोड. जतीन समोर उभा राहून बघत होता... माझ्या ताटाकडे नाही, माझ्याकडे. ताट परत देताना आमची बोटं एकमेकांना लागली आणि ती मागे घ्यायची घाई कुणीच केली नाही.

फुकट कुणाचं घ्यायची मला सवय नाही. मी वाडीतले चिकू न्यायला लागले. निवडक, मोठे, अगदी वेळेवर पिकलेले. तो तिथेच एक खायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "वा!" मला केवढा अभिमान वाटायचा.

एक दिवस मी चिकू घेऊन गेले, तर जतीन बाजारात गेला होता. त्याची आई, बा, एकट्याच होत्या.

"आवो, बेसो. शिंग खायला लागलीस ना? बरं झालं," बा खुशीत म्हणाल्या. "मी बोलली होती, भट्टीवाल्याच्या घरात शिंग न खाणारी वहू कशी चालेल? जतीन बोलला, बा, थोडा टाइम दे, खायला लावतो तिला."

वहू? सून? माझे कान गरम झाले. म्हणजे ती डाळ, ती चटणी, मामीचा रस्सा... सगळी परीक्षा होती? आणि परीक्षेला बसलेय हे मलाच माहीत नव्हतं? खायला लावतो म्हणे! पुन्हा कुणीतरी मला वर्गात उभं केलं होतं, फक्त या वेळी गोड हसून. मी चिकूची पिशवी उचलली आणि निघाले. डबा बंद केला, फोन बंद केला. रात्री उशीत तोंड खुपसून रडले, कारण राग जितका खरा होता, तितकाच तो माणूस मला हवा होता. आणि याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

पुढे दोन-तीन दिवसांनी तो दुकानात आला. हातात कागदाचा पुडा.

"डोळे तपासायचेत."

धंद्याला नाही म्हणता येत नाही. मी त्याला खुर्चीवर बसवलं. "खालची ओळ वाचा."

"हि... र... क..."

"तक्त्यावर 'हि' नाहीये."

"मला तेच दिसतंय."

"मग मोठ्या दवाखान्यात जा!"

रूपी खुसखुसत बाहेर गेली. जतीन खाली मान घालून म्हणाला, "बाची कटकट बंद व्हावी म्हणून मी तसं बोललो. चुकीचं बोललो. तुम्हाला कळणार नाही असं समजलो, हे त्याहून चुकीचं."

मी तक्त्याचा दिवा बंद केला. टेबलावर मी डब्याऐवजी आणलेले चिकू होते. काहीतरी करायचं म्हणून त्याने एक उचलला आणि चावा घेतला. डोळे मिटले... या वेळी मी हातभर अंतरावर होते, आणि दुसऱ्यांचे डोळे बघणं हे माझं कामच आहे. हा माणूस चव घेत नव्हता. औषध गिळत होता!

"तुम्हाला चिकू आवडत नाही?"

"...नाही. लहानपणापासून. वाळू चावल्यासारखं लागतं."

"वाळू? आमच्या वाडीच्या चिकूला वाळू? मग इतके दिवस 'वा' कशाला म्हणत होतात?"

"तुम्ही आणत होतात म्हणून."

"टाका तो!" माझा आवाज चढला. "थुंका आधी! मी दाणे खाल्ले ते मला आवडले म्हणून. तुमच्या बासाठी नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही. आणि माझ्यासाठी कुणी काही गिळायचं नाही. माझ्या घरात कुणीही, कधीही, संपवायचं म्हणून संपवणार नाही. समजलं?"

त्याने उरलेला चिकू टेबलावर ठेवला. मग त्याने फोन काढला. "बा," तो म्हणाला, "ए शिंग खाय के ना खाय, मने तो ए ज जोईए छे." पलीकडून बा काहीतरी मोठ्याने बोलल्या. त्याने ऐकून घेतलं, "ना, बा. ए ज," म्हणाला आणि फोन ठेवला.

गुजराती मला तेवढं कळतं. दाणे खावो न खावो, त्याला मीच हवी. चेहरा लपवायला मी चष्म्याची काच पुसायला घेतली.

"तू म्हणालीस, माझ्या घरात," तो हळूच म्हणाला. "त्या घरात... मला जागा आहे?"

मी टेबलावरचा पुडा उघडला. वाळूत भाजलेली खारी शिंग, अजून गरम. माझ्या चेहऱ्याकडे बघत त्याने घाबरून पुडा मागे ओढला. "राहू दे. नको असेल तर..."

मी पुडा त्याच्या हातातून खेचून घेतला.

"मी नको कधी म्हटलं?"