दोन आरशांमधला उजेड

सोमवारी सकाळी सू रुओलिनने मशीनचं झाकण उचललं आणि ती ओरडतच बाहेर धावली. आरशांची जागा रिकामी होती.

तासाभरात पोलीस निरीक्षक फांग युएछिआओ तैवानमधल्या शिनचू शहराच्या वाऱ्याशी भांडत, केस सावरत कंपनीच्या दारात हजर झाली. बाई जात्याच संशयी. घरी टीव्हीचा रिमोट सापडला नाही, तरी ती आधी नवऱ्याचा जबाब घ्यायची.

कंपनी कसली, विद्यापीठाच्या आवारातल्या दोन खोल्या आणि तीन माणसं. प्राध्यापक वेई बोयान यांनी आपल्या संशोधनातून ती उभी केली होती. लियाओ व्यवहार बघायचा आणि वेईंकडेच पीएचडी करणारी रुओलिन मशीन बांधायची. मशीनचा जीव म्हणजे समोरासमोर बसवलेले दोन इवलेसे आरसे. मधली फट केसाहून बारीक. तिथे कोंडलेला उजेड हजारो वेळा इकडून तिकडे आपटत राहतो, आणि फटीत एखादा विषाणू शिरला तरी संशोधकाला कळतं.

"ही आमची सगळ्यात चांगली जोडी," लियाओ म्हणाला. "या आठवड्यात मशीन ताइनानच्या प्रयोगशाळेत जायचं होतं. पहिलंच गिऱ्हाईक. आता त्यांना काय तोंड दाखवू?"

"संशय कोणावर?"

लियाओने नजर चुकवली. "दाराच्या नोंदीत दिसतंय, रविवारी ते रुओलिनच्या कार्डाने उघडलंय. पोरगी चांगली आहे, पण…"

"पण म्हटलं की चांगुलपणा संपतो, लियाओ. खोलीत कोण कोण गेलं?"

"ती एकटीच. ओरडत बाहेर आली. मी लगेच दार लावलं आणि तुम्हाला फोन केला."

फांग एकटी आत गेली. कुलूप फोडलेलं नाही, काही सांडलेलं नाही. चोराने घाई केलेली दिसत नव्हती. मशीनच्या पाठीमागे कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट चिकटवलेलं होतं. त्याचं तिला नवल वाटलं नाही, तिच्या चौकीतल्या संगणकावरही तसंच होतं. या गावात त्याशिवाय मशीन सुरळीत चालत नाही. पाकीट हिरवंच हवं, न फोडलेलं हवं आणि मुदतीतलं हवं. तिने सवयीने तारीख पाहिली. मुदत अजून पुष्कळ होती. बाहेर येऊन तिने दाराला सील लावलं आणि शिपाई उभा केला.

रुओलिन रडून लाल झाली होती.

"रविवारी कुठे होतीस?"

"होस्टेलवर. झोपले होते."

"साक्षीदार?"

"झोपायला साक्षीदार लागतो का, मॅडम?"

"आज लागला. कार्ड कुठे असतं तुझं?"

"कोटाच्या खिशात. कोट बाहेरच्या खुंटीवर. सगळ्यांना माहीत आहे."

फांगने तिची बॅग टेबलावर रिकामी केली. छत्री, डबा आणि एक हिरवं पाकीट.

"हे कशाला?"

"मशीनवरच्याची मुदत शुक्रवारी संपली. त्या दुपारी जेवताना मी बोलले, तर लियाओ दादा केवढे चिडले. मशीन रुसेल म्हणाले. वेई सर नुसते हसत होते. आज बदलणार होते, पण आधी झाकण उघडलं आणि मग कुठलं पाकीट."

फांगने पाकीट उलटसुलट पाहिलं आणि परत बॅगेत टाकलं.

"सरांशी भांडण?"

"भांडण कसलं. माझं माप जुळत नाही. सरांच्या शोधनिबंधात उजेड जितका टिकतो म्हटलंय, त्याचा तिसरा हिस्साच मला दिसतो. सर म्हणतात, तुझा हात जड आहे." ती थांबली. "मॅडम, विद्यापीठ मला काढून टाकेल. आईने मासळीबाजारात उभं राहून मला शिकवलंय. तिला मी चोर म्हणून कसं सांगू?"

फांगला तिची दया आली. पण दया आली म्हणून संशय सोडायची तिची रीत नव्हती.

वेई दुपारी तायपेईहून आले. शिपायाने त्यांना दारातच अडवलं. ते चिडूनच फांगसमोर बसले.

"त्या खोलीत शेवटचे कधी गेलात?"

"शुक्रवारी, जेवणाआधी. मग जेवून थेट तायपेई. आज माझ्याच कंपनीत मला अडवतात."

"रुओलिनबद्दल काय वाटतं?"

"कष्टाळू आहे. पण माप जुळेना म्हणून खचली होती. खचलेलं माणूस काय करेल, सांगता येत नाही."

"आणि मशीन? त्यातच काही बिघाड होता का?"

वेई हसले. "ते पोरांना विचारा. पाकीट ताजं असलं की मशीन शहाण्यासारखं वागतं म्हणे. घ्या, पाकीट चांगलं ताजं आहे, तरी आरसे गेलेच ना? आता तरी ही खुळं सुटतील."

फांगही हसली. मग तिने तिघांनाही एका टेबलाशी बसवलं.

"लियाओ, मशीनवरचं पाकीट तुम्ही बदललंत?"

"मी? मी दोन दिवस सासुरवाडीला होतो. आणि मी बदललं की ग्रुपवर फोटो टाकतो. नेहमी."

"रुओलिन, तू?"

"माझं अजून बॅगेतच आहे."

"पण मशीनवर आज नवं पाकीट आहे," फांग म्हणाली. "शुक्रवारी मुदत संपलेलं होतं, हे तिघांनी जेवताना ऐकलं. म्हणजे मधे जो आला, त्याने बदललं. बाहेरचा चोर आरसे घेऊन पळेल, मशीनची काळजी कशाला करेल? ज्याला उद्या याच मशीनवर काम करायचंय, तोच हे करतो. आणि साध्या कामासाठी आलेला माणूस ते लपवत नाही."

फांगने आपली खुर्ची वेईंकडे वळवली.

"सकाळपासून ती खोली बंद आहे. पाकीट ताजं आहे, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. वेई सर, तुम्हाला तर ते शिळंच माहीत असायला हवं होतं. ताजं आहे, हे कसं कळलं?"

वेई खुर्चीत मागे सरकले.

"तायपेईहून वेगवान गाडीने यायला कितीसा वेळ लागतो. रविवारी आलात, खुंटीवरच्या कोटातून हिचं कार्ड घेतलंत. आरसे विकायचे नव्हतेच. ते ताइनानला पोचू द्यायचे नव्हते. तिथले लोक मोजणार, आणि निबंधातला आकडा खोटा ठरणार."

"खोटा नव्हता," वेई हळूच म्हणाले. "तो आकडा एकदा दिसला होता. एकदाच. मी तोच छापला."

"आणि पाकीट?"

"आरसे काढले आणि ते शिळं पाकीट दिसलं. माझं मलाच हसू आलं. तरी खालच्या दुकानातून नवं आणलं." त्यांनी कपाळ चोळलं. "मशीनचा काय दोष होता?"

"दोष या पोरीचाही नव्हता. तिच्यासाठी काय आणलंत?" फांगचा आवाज आता चढला होता. "आरसे कुठेत?"

"जुन्या प्रयोगशाळेत. कोरड्या कपाटात. फोडायला हात धजला नाही."

लियाओ तोंडातल्या तोंडात शिवी घालून उठला. रुओलिन मात्र वेईंकडे बघत होती.

"म्हणजे माझं माप बरोबर होतं?"

वेईंनी मान हलवली. "पहिल्यापासून."

"मी रोज पुन्हा मोजायचे, सर. आईला फोनवर सांगितलं, माझ्यात ती हुशारी नाही म्हणून. तुम्ही रोज बघत होतात."



"ताइनानला काय कळवू?" लियाओने विचारलं.

"आरसे बसवून मशीन पाठवू," रुओलिन म्हणाली. "माझा आकडा लिहून."

"इतका कमी आकडा बघून ते घेतील?"

"माहीत नाही. पण मोजतील तेव्हा तोच येईल."

फांगने वेईंना चलायची खूण केली. दाराशी ते थबकले.

"तुझा हात जड नाही, पोरी."

"आता माहीत आहे, सर," ती म्हणाली. इतकी वर्षं सर खोलीतून निघाले की ती उठून उभी राहायची. आज ती बसूनच राहिली.