राखणदाराच्या वहाणा

मी खाणीवर ट्रकांच्या फेऱ्या मोजायचो. न मोजलेलं बोलायची मला सवय नाही. तेव्हा हसायचं तर आत्ताच हसून घ्या... पुढे जमणार नाही.

तीस मे १९८७. लाटंबार्से. भर दुपारचे बारा.

गोवा राज्य झालं तो दिवस. खाण बंद होती.

माझी पद्मावती आत्या चित्रं काढायची. रंग दुकानातले नाहीत. डोंगरची तांबडी माती, खाणीचा काळा भुगा, त्यात काजूचा डिंक. कुंचला केवड्याच्या मुळाचा.

घरामागचा डोंगर खाणीने कापला तेव्हा अख्खा गाव गप्प. आत्याने शेवटच्या दरडीची माती आणली आणि फळीवर तो डोंगर पुन्हा उभा केला. वरच्या राखणदाराच्या दगडासकट.

राखणदार काठी टेकत गावची वेस फिरतो. त्याला दरवर्षी चामड्याच्या वहाणा ठेवतात. फिरून फिरून त्या झिजतात, असं म्हणतात.

दगड गेला. आत्याने वहाणा चित्रासमोर ठेवल्या.

तेव्हापासून रोज बाराला घरात काठी वाजायची...

टक... टक...

बाबा बिथरले. "पद्मे, त्याची माती घरात? न्हंयच्या पाण्यात सोड ते चित्र!"

"डोंगर कापताना तुझी जीभ खंय होती, दादा?"

"घरात ते राहील, नाहीतर मी!"

"मग तुझी पिशवी भरू?"

बाबांना भुताची भीती. मला बाबांची. म्हणून त्या दुपारी, आत्या न्हाणीत असताना, चित्र न्यायला मी गेलो.

कावळा नाही. कुत्रा नाही. पानसुद्धा हलत नव्हतं.

फळी उचलायला गेलो...

उठेना. एरवी मी ती एका हाताने उचलायचो.

टक...

आवाज फळीच्या आतून आला.

खाली बघितलं. महिन्यापूर्वीच्या कोऱ्या वहाणा. टाचा अर्ध्या झिजलेल्या. तळाला ओला तांबडा चिखल... मे महिन्यात!

आत्या ओल्या केसांनी दारात उभी. मला वाटलं, आता मी मेलो.

ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"राहायचं तर राहा," ती चित्राला म्हणाली. "तुला हितून कोण काढतो ते मी बघते. पण माझ्या गोकुळदासाला भिववायचं नाही. आणि वहाणा दाराबाहेर काढायच्या!"

काठी थांबली.

फळी अलगद हातात आली... मी ती जागेवर ठेवली. बाबांना म्हटलं, "तुम्हीच उचला."

त्यांनी उचलली नाही. पिशवीही भरली नाही.

आता आत्या नाही. चित्र माझ्याकडे आहे. सोयरे म्हणतात, टाकून दे. नाही टाकणार. डोंगराच्या जागी आज पाण्याचा खड्डा आहे. डोंगर उरलाय तो एवढाच.

यंदा मात्र वहाणा मुद्दाम ठेवल्या नाहीत. म्हटलं, बघू.

आज सकाळी दाराबाहेर माझ्या चपला बघितल्या. आठवड्यापूर्वी घेतलेल्या...

टाचा अर्ध्या. तळाला ओला तांबडा चिखल.

साडेअकरा वाजलेत. नवा जोड आणायला डिचोलीला निघालोय.

अनवाणी.