चार नंबरचा चौकोन

“ताई, टाळी वाजव. एकच, जोरात. आणि हात जोडलेलेच ठेव.”

माझ्या धाकट्या भावाचे हे शब्द अजून कानात आहेत.

या पेजवरचे अनुभव मी नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. खोटं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम आहे. तेव्हा जसं घडलं तसंच सांगते. कुणाला नाही पटलं, तर माझा राग नाही.

गेल्या वर्षीचा मार्च. दुसरा रविवार. बॅडमिंटनचा जुना हॉल, हौशी खेळाडूंची स्पर्धा.

भाऊ अशा स्पर्धा लाइव्ह दाखवायचा. मोठे कॅमेरे परवडणारे नव्हते. चार जुने मोबाइल स्टँडला लावायचे आणि वायफायवरून लॅपटॉपला जोडायचे. पडद्यावर चार चौकोन दिसत. हेडफोनमधून तो म्हणायचा, “दोन घे,” की मी दोनचं बटण दाबायचे.

दुपारी तीन ते चार माझं मौन असतं. त्यावरून तो चिडवायचा, “अशी माणसं कुठे मिळतात? पगार नाही आणि उलट उत्तरही नाही!”

आता ती टाळी कशासाठी, ते सांगते. प्रत्येक मोबाइलचं चित्र थोडं उशिरा पोचतं. टाळी वाजवली की कोण किती मागे आहे ते कळतं, मग सगळ्यांना जुळवता येतं.

सकाळी मी कोर्टवर उभी राहिले. लॅपटॉप समोरच होता. हात उचलले...

चार नंबरच्या चौकोनात माझे हात आधीच जुळलेले होते.

मी अजून टाळी वाजवलीच नव्हती.

“अरे, हा पुढे पळतोय.”

“पुढे कसा पळेल? बाकीचे तिघे मागे असतील,” तो हसला. “थांब, याला जरा अडवतो.”

त्याने आकडे बदलले. चारही चौकोन जुळले. मीही विसरून गेले.

तीन वाजले. माझं मौन सुरू झालं.

आणि चार नंबरमध्ये शटल जमिनीवर पडलं... मग कोर्टवर सर्व्हिस झाली.

मला वाटलं, आपली नजर चुकली.

थोड्या वेळाने चारमध्ये खेळाडू हात मिळवताना दिसले. कोर्टवर अजून पाच गुण बाकी होते.

अंतर वाढत होतं...

मी कागदावर ‘चार बघ’ लिहून तो उंच धरला. भाऊ समोरच्या भिंतीपाशी होता.

“बघतो गं. तीन नंबर निसटायला आलाय, आधी तो.”

तीन नंबर भिंतीवर उंच, छताच्या दिव्याजवळ बांधला होता. सामना संपल्यावर त्याने शिडी लावली.

मी चारकडे पाहिलं.

शिडी आडवी पडलेली होती. भोवती माणसांचं कडं. मधे निळा टीशर्ट...

पाय हलत नव्हते.

एक नंबरमध्ये शिडी सरळ उभी होती. भावाचा पाय पहिल्या पायरीवर होता. टीशर्ट निळा.

घरात माझं बोलणं दोनदा विचारावं लागतं, इतका आवाज बारीक. त्या दिवशी अख्खा हॉल वळला.

“उतर! खाली उतर!”

तो घाबरून उतरला. “ताई... तू बोललीस?”

मी खाली बसले. डोळे मिटले. नेम मोडला म्हणून मनातल्या मनात क्षमा मागू लागले. भाऊ सुखरूप होता, आणखी काय हवं?

तेवढ्यात हॉलच्या रखवालदाराचा आवाज आला. सगळे त्यांना मामा म्हणत.

“ताईसाहेब, शिडीला कसलं घाबरता? तीस वर्षं इथले दिवे मीच बदलतोय.” मग भावाला म्हणाले, “बाजूला व्हा हो, दिग्दर्शक!”

मी डोळे उघडले.

आयोजकांनी सगळ्यांनाच टीशर्ट वाटले होते. मामांनी आपला शर्टावरूनच चढवला होता. निळा...

मामा चौथ्या पायरीवर होते.

मला एकच शब्द उच्चारायचा होता. मौन संपायला वीस मिनिटं होती. एकदा मोडलं, आता पुन्हा नको... असं मनात आलं.

मी तोंड उघडलं नाही.

शिडी सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मामा दवाखान्यात पोचलेच नाहीत.

आठवडाभराने भावाने चार नंबरचं रेकॉर्डिंग लावलं. तेच कडं, तीच आडवी शिडी. मग एक माणूस जरा बाजूला झाला आणि पडलेल्याचा चेहरा दिसला...

तो मामांचा नव्हता.

भावाने लॅपटॉप मिटला. त्यानंतर एकही स्पर्धा घेतली नाही.

परवा मामींचा फोन आला.

“तुम्ही समोरच होतात ना? सगळे म्हणतात, पाय घसरला. मला नीट कुणी सांगतच नाही. एकदा घरी येऊन सांगाल?”

“येईन,” मी म्हटलं. “सगळं सांगेन.”

भाऊ म्हणाला, “काय सांगणार तू? मी जिवंत आहे म्हणून ते गेले, असं?”

मी वाचवलं की नुसतं बदललं, हे मला आजही ठाऊक नाही.

आज देवासमोर दिवा लावला. भाऊ आतल्या खोलीत झोपला होता. दार आवाज न करता ओढून घेतलं आणि मामींच्या घराची वाट धरली.