पाच मिनिटांची तक्रार

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी आ वासून आडवी पडले होते आणि तो माझी दाढ उपटत होता. दातांच्या डॉक्टरांवर आमच्या धंद्यात इतके विनोद झालेत, की मला एकही सुचला नाही.

"काय करता तुम्ही?"

"आँ… आँऽ—"

"अरे वा! छान."

मी स्टँड-अप कॉमेडी करते. शनिवारी माझ्या कार्यक्रमाला तो पहिल्या रांगेत दिसला, मागे वळून वळून लोकांकडे बघत. बाबांचं घोरणं, आईचा मोबाईल, मावशीनं आणलेली स्थळं — सगळं ऐकून शेवटी जवळ आला.

"मावशीच्या वेळी लोकांच्या दाढा दिसत होत्या. आईच्या वेळी नुसते पुढचे दात. ते भिडेखातर हसत होते."

आईचा विनोद मी काढून टाकला. त्याला ठेवून घेतलं.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. पुढे पुढे आम्हाला शनिवारचीही गरज उरली नाही.

एका संध्याकाळी दवाखाना बंद करताना, खणातला हातमोज्यांचा खोका बाहेर काढत तो म्हणाला, "दुसऱ्या गावात दवाखाना मिळतोय. जाऊ की राहू, कळत नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या कार्यक्रमात आई आहे, बाबा आहेत, मावशी, खालचे काका… माझ्या आधीचे दोघंसुद्धा आहेत. मीच नाही. इतका किरकोळ आहे का गं मी?"

तो हसत होता. पण दाढा दिसत नव्हत्या.

इथे एखादा विनोद करून सटकता आलं असतं. त्याचेच तर पैसे मिळतात मला.

"बसले होते लिहायला," मी म्हटलं. "विनोदाला आधी तक्रार लागते. बाबा घोरतात म्हणून पाच मिनिटं निघतात. तुझं… काही खुपतच नाही रे. 'तो चांगला आहे' म्हटल्यावर लोक हसत नाहीत, जांभया देतात."

तो गप्प. इतकी शांतता स्टेजवर झाली तर आम्ही घरी जातो. मी थांबले.

"घोरतो मी," तो हळूच म्हणाला. "मदत होत असेल तर…"

मला हसू आवरेना. तो सवयीनं वाकून बघू लागला.

"सगळ्या दाढा दिसतायत."

"एक सोडून. ती तू काढलीस."

"बघ! सापडली की तक्रार," तो म्हणाला आणि त्यानं हातमोज्यांचा खोका पुन्हा खणात ठेवला. "राहतो मग."